पाखाडीला झिरी

रोह्याशेजारच्या आमच्या अष्टमीत जमिनीवर दोरी धरायची असेल तर ती पहाटे चारला धरावी आणि पाचच्या आत गुंडाळून घरात ठेवावी. हे मला ठाऊक होतं. पुतण्याला नव्हतं, कारण तो गेली 9 वर्षं म्युनिकला आहे आणि तिकडे दोरी ही नुसती दोरीच असते. त्याने मे महिन्यातल्या एका सकाळी साडेनऊला, लख्ख उजेडात, पडवीच्या खांबाला सुतळीचं एक टोक बांधलं आणि दुसरं हातात धरून पाखाडीकडे, म्हणजे आळीच्या पायवाटेकडे, चालू लागला. तो फणसापर्यंत पोचायच्या आत आमचे चुलतबंधू अप्पा हद्दीवर हजर होते. तोंडात ब्रश, फेस तसाच.

"मोजणी आहे का?"

शहरात शेजाऱ्याने गाडी आणली की लोक बघायला येतात, आमच्याकडे सुतळी आणली की येतात. अप्पांच्या मागून वहिनी आल्या, वहिनींच्या मागून खालच्या आळीतले दोघे आले, आणि त्यांतला एक सातबारा घेऊन आला होता. तो आमच्या जमिनीचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या कुठल्या तरी पोटहिश्शाचा होता. पण मोजणी चालू आहे म्हटल्यावर आपलाही कागद जवळ असलेला बरा. कुंडलिकेच्या पुलापलीकडे रोह्यात ही बातमी दहाच्या आत पोचली असणार, कारण सव्वादहाला तिकडून मेहुण्याचा फोन आला: "वाटण्या करताय, आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाही?"

वाटण्या नव्हत्या, मोजणीही नव्हती. गवत होतं.

म्हणजे मे महिन्यात तेही नव्हतं, पण येणार होतं. रायगडात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातल्या प्रत्येक मिलिमीटरला एक काडी उगवते असा माझा अंदाज आहे. जूनमध्ये अंगण हिरवं होतं तेव्हा आपण म्हणतो, वा! जुलैत विहिरीकडची वाट दिसेनाशी होते. ऑगस्टमध्ये टाकळा कमरेला लागतो आणि बायको म्हणते, गणपती कुठून आणणार आहात, हेलिकॉप्टरने? मग ग्रासकटरवाल्याचा शोध सुरू होतो. खांद्याला मशीन अडकवून, डोळ्यांना गॉगल लावून फिरणारा हा माणूस गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तालुक्यातला सर्वांत मोठा माणूस असतो. फोन उचलला तर "उद्या येतो" म्हणतो. त्याचा उद्या आणि आपला उद्या यांच्यात एक संकष्टी येते.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर बघून पुतण्याचं मन द्रवलं. त्याने येताना बॅगेतून गवत कापणारा यंत्रमानव आणला. यंत्रमानव म्हटल्यावर आम्ही हात, पाय, डोकं अशी अपेक्षा ठेवली होती. निघालं एक करड्या पाठीचं कासव. खाली दाढीच्या पात्यांएवढी तीन पाती, पोटात बॅटरी. चार्जिंग संपत आलं की स्वतःच आपल्या घरट्यात जाऊन बसतं, पोट भरलं की पुन्हा बाहेर. यात गवत कापण्याचं तत्त्वही वेगळं आहे. आमचं गवत वर्षातून दोनदा केस कापून घेतं, एकदा गणपतीला आणि एकदा दिवाळीनंतर. हे कासव रोज दाढी करतं.

या खटाटोपाला दोनशे वर्षं होत आली. इंग्लंडातल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग नावाच्या माणसाने 1830 मध्ये हिरवळ कापायच्या पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं. म्हणतात की तो यंत्राची चाचणी रात्री घ्यायचा, शेजाऱ्यांनी वेडा म्हणू नये म्हणून. माणूस कोकणातला असावा अशी दाट शंका येते. पुढे 1995 मध्ये स्वीडनच्या हुस्कव्हार्ना कंपनीने सौरऊर्जेवर आपलं आपण फिरणारं यंत्र आणलं, आणि मग युरोपातल्या लोकांना शनिवारी दुपारी करायला काही उरलं नाही.

कासवाला एकच गोष्ट कळत नाही: आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं. माणसालाही ती कळत नाही, पण माणूस कोर्टात जाऊ शकतो. कासवासाठी जमिनीत वायर घालावी लागते. घरट्यातून निघून सगळ्या हिरवळीला वेढा घालून पुन्हा घरट्यात येणारं एकच अखंड वेटोळं. त्यातून अगदी कमी दाबाचा विजेचा संदेश धावत असतो. वायरच्या आतल्या बाजूला चुंबकीय क्षेत्राची दिशा एक, बाहेरच्या बाजूला तिच्या उलट. कासवाच्या पोटातल्या गुंडाळीला हा फरक कळतो. वायरपाशी आलं की ते थबकतं, तोंड फिरवतं आणि दुसरीकडे चालू लागतं. भांडण नाही, "ही वहिवाट आमच्या आजोबांपासूनची" नाही. हल्ली वायर न लागणारी, उपग्रहावरून हद्द ओळखणारी मॉडेलंही निघालीत. पण अप्पांच्या आणि आमच्या मधली हद्द उपग्रहावरून ओळखायची म्हटलं तर उपग्रह खाली येईल.

न दिसणाऱ्या हद्दीचं आम्हाला अप्रूप नाही, हेही सांगून ठेवतो. रोहा स्टेशनात मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. रुळावर कुठेही रेघ नाही, गाडी खिडकीतल्या माणसाच्या हातचा वडापाव न हलवता एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत शिरते. रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची, पालखी दसऱ्यानंतर निघते, पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, पालखी गावभर फिरते आणि निघाली त्याच मंदिरात परत येऊन टेकते. वायरचं वेटोळं याहून वेगळं काय असतं? रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी तर मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघाले म्हणून 1956 मध्ये देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. हद्दीच्या बाबतीत आमचा तालुका हळवा आहे, एवढंच म्हणायचंय.

आता आमची हद्द. वाडी 11 गुंठ्यांची. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट हे आमच्याकडे मुलाला पाढ्यांच्या आधी शिकवतात. वाडीच्या मधून आळीची पाखाडी जाते. पूर्वी ती दगडांची होती, आता काँक्रीटची आहे. घरापुढचं अंगण अलीकडे आणि विहिरीचा तुकडा पलीकडे. कासवाला दोन्हीकडे जायचं तर वायरचं वेटोळं पाखाडी ओलांडून जाणार आणि ओलांडून परत येणार, म्हणजे पाखाडीवर दोन आडव्या रेघा, मध्ये 6 फुटांचा बोळ. पाखाडीवरून वायर नुसती टाकली तर पहिल्याच दिवशी सिलिंडरची हातगाडी तिचे दोन तुकडे करील. म्हणून काँक्रीट कापून ती आत बसवायची.

पुतण्याने माहितीपुस्तिका उघडली. "काका, काँक्रीटमध्ये सांधा असेल तर कापायची गरज नाही. सांध्यातून वायर जाते."

मिस्त्री म्हणाला, "सांधा नाही. भेगा आहेत की, पाहिजे तेवढ्या."

खरंच होत्या. एक तर हवी तिथूनच सुरू होत होती. पुतण्या खूश झाला, गुडघ्यावर बसून तिचा माग काढत गेला. भेग पाखाडीच्या मध्यावर पोचली, तिथून डावीकडे वळली आणि सरळ अप्पांच्या उंबऱ्यात गेली. पुतण्याने मान वर केली तेव्हा अप्पा चहा पीत होते. "ये, आत ये," म्हणाले.

मग कापायचंच ठरलं. इथे मला एक शब्द सांगू द्या, कारण पुतण्याचे अर्धे दिवस तो शब्द नसल्यामुळे वाया गेले. तो मिस्त्रीला ग्रूव्ह, चॅनेल, स्लॉट असं काय काय सांगत होता आणि मिस्त्री सगळ्याला हो म्हणत होता. कोकणात मिस्त्री सगळ्याला हो म्हणू लागला की समजावं, काम होणार नाही. शेवटी माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "झिरी मारायची आहे हो!" मिस्त्रीचा चेहरा उजळला. "असं बोला ना. झिरीच मारायची तर एवढं जर्मन कशाला?"

पण पाखाडी आळीची. तिला झिरी मारायची परवानगी कोणाची? रात्री अप्पांच्या ओटीवर माणसं जमली. एका आजींचं म्हणणं, पावसात अनवाणी पाय पडला आणि करंट लागला तर? पुतण्याने सांगितलं की दाब इतका कमी आहे की हात लावला तरी कळणार नाही. त्यावर एकाने विचारलं, कळणार नाही तर कासवाला कसं कळतं? याला उत्तर आहे, पण रात्री साडेदहाला ओटीवर देता येण्यासारखं नाही. एका तरुणाला त्या वायरवर मोबाईल चार्ज होईल का, हे जाणून घ्यायचं होतं. निवृत्त मास्तर म्हणाले की आज वायर आहे, उद्या हा पाखाडीवर हक्क सांगेल. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लगेच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

शेवटी तोडगा निघाला. आळीची हरकत नाही, फक्त कासवाने जाता जाता प्रत्येकाच्या दारातलं गवत मारून द्यावं. वेटोळं थोडं मोठं केलं की झालं. मास्तरांचं परसू घ्या, आजींचा माड घ्या, देवळामागचा मोकळा तुकडा घ्यायलाही हरकत नाही. वायर आणली होती 150 मीटर. ओटीवर मंजूर झालेल्या वेटोळ्याला ती नागोठण्यापर्यंत लागली असती. पुतण्या कळवळून म्हणाला, "काका, ही बाउंडरी आहे, पंगत नाही." मी आळीला एवढंच कळवलं की पहिल्या वर्षी आमचं बघू, मग वाढवू. कोकणात "मग" या शब्दावर अनेक कामं सुखाने पडून आहेत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कटर घेऊन आला. पुतण्याने खडूने दोन रेघा आखल्या: रुंदी 5 मिलिमीटर, खोली दीड सेंटिमीटर. मिस्त्रीने त्या आदराने पाहिल्या आणि डायमंड ब्लेड चालू केलं. जो आवाज झाला तो ऐकून शेवग्यावरचे कावळे उडाले आणि धूळ अशी उठली की मिस्त्री, पुतण्या आणि पाखाडी तिघेही एका रंगाचे दिसू लागले. मी तांब्याने पाणी ओतायच्या कामावर होतो. अर्धी झिरी झाली आणि लाईट गेली. ती साडेतीनला आली. तोवर खडू पुसला गेला होता, मिस्त्रीने उरलेली झिरी अंदाजाने मारली आणि त्याचा अंदाज थोडा अप्पांच्या बाजूचा होता. कापताना काँक्रीटमधून आंब्याची एक कोय निघाली. पाखाडी मे महिन्यात झाली होती, याचा दुसरा पुरावा कशाला?

झिरीत वायर दाबून वरून सिमेंट लिंपलं. "24 तास कोणी पाय ठेवू नका," असं पुतण्याने सर्वांना सांगितलं. सर्वांनी ते पाळलं. वहिनींच्या कोंबडीला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही झिऱ्यांवर तिची पावलं आजही आहेत, हडप्पाकालीन विटांवर कुत्र्याची आहेत तशी.

बाकीची वायर मातीत खुंट्यांनी ठोकायची होती, म्हणजे सोपं काम. पण मे महिन्यात आमची जमीन आणि पाखाडी यांच्यात फरक फक्त रंगाचा असतो. प्लास्टिकच्या 40 खुंट्यांची डोकी उडाल्यावर पुतण्याने पहार मागितली.

तुळशीवृंदावन मात्र मला पटलं. हिरवळीच्या मधोमध वृंदावन, कासव त्याला धडकू नये म्हणून त्याभोवतीही वायर हवी. पण वेटोळं तर एकच. मग काय करतात, तर कडेची वायर वृंदावनापर्यंत आणतात, प्रदक्षिणा घालतात आणि आल्या वाटेने, पहिल्या वायरला चिकटूनच परत नेतात. जाणारा संदेश आणि येणारा संदेश एकमेकांचा परिणाम मारून टाकतात. कासवाला ती जोडवायर जाणवतच नाही, ते तिच्यावरून खुशाल निघून जातं. माझ्या लग्नाला 38 वर्षं झाली आहेत. आम्ही दोघं एकाच वेळी बोलू लागलो की घरात कोणालाच काही ऐकू येत नाही, यामागे विज्ञान आहे हे मला त्या दिवशी कळलं.

घरट्यावर हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे वेटोळं अखंड, निळा लुकलुकला तर वायर कुठेतरी तुटली. सारी आळी पाखाडीच्या कडेला उभी होती. कासव निघालं, अंगण ओलांडून पाखाडीवर चढलं, दोन झिऱ्यांच्या मधून पलीकडे गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण मग ते तिरकं गेलं, वायरपाशी वळलं, आणखी तिरकं गेलं, पुन्हा वळलं. वायरवाल्या यंत्रांची रीतच ही, ठरावीक ओळीने न जाता वाटेल तसं भटकायचं, तासांच्या हिशेबाने सगळी जागा होतेच.

"प्यायलंय का?" अप्पांनी विचारलं.

अर्धा तास त्याने कापायला काही नसताना कापलं. मग अप्पांची म्हैस आली, दोन झिऱ्यांच्या बरोबर मध्ये, तापलेल्या काँक्रीटवर बसली. कासव येऊन तिला टेकलं, मागे सरलं, वळलं, फिरून पुन्हा टेकलं. असं सात वेळा. म्हशीने शेपटी हलवली. गवत कापण्याच्या धंद्यातली ती जुनी माणसं, त्यांना वायर लागत नाही, हिरवा दिवाही लागत नाही.

पुतण्या जूनमध्ये परत गेला. जाताना कासव रात्री चालवू नका, असं बजावून गेला. तिकडे साळूसारखे दिसणारे छोटे काटेरी प्राणी रात्री हिरवळीत फिरतात आणि पात्यात सापडतात, म्हणून कोलोन शहराने 2024 मध्ये रात्री ही यंत्रं चालवायला बंदी घातली. आमच्याकडे पहिल्या पावसात रात्री मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बाहेर पडतात. बंदी नसतानाही कासव थांबवावं लागलं, कारण मुठे पकडायला बॅटऱ्या घेऊन फिरणारी पोरं त्याला उचलायची, उचललं की ते किंचाळायचं, आणि गप्प करायचा चार आकडी नंबर म्युनिकला होता.

जुलैत एका दुपारी तिकडूनच निरोप आला: "काका, वायर तुटली." मी पडवीत बसलो होतो, कासव माझ्यापासून 20 फुटांवर होतं, निळा दिवा लुकलुकत होता आणि मला पत्ता नव्हता. म्युनिकला होता. कुठे तुटली ते मात्र म्युनिकला कळत नव्हतं. पुतण्याने उपाय सांगितला: जुना ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर लावा आणि वायरीवरून धरून चाला. टकटक ऐकू येईल. जिथे बंद होईल तिथे तुटली.

वडिलांचा ट्रान्झिस्टर माळ्यावर होता. तो काढला आणि वायरीतली टकटक ऐकत पावसात छत्री धरून फिरू लागलो. आळीने खिडक्या उघडल्या. "बातम्या लागल्या का?" मास्तरांनी विचारलं. अंगण झालं, टकटक होती. पहिली झिरी, टकटक. विहीर, दुसरी झिरी, वृंदावनाची जोडवायर (तिथे गप्प, ते शास्त्राप्रमाणे), मग अप्पांच्या बाजूची लांब कड. आणि अळवापाशी ट्रान्झिस्टर बंद पडला.

अळू छान आलं होतं. पानं हत्तीच्या कानाएवढी. अप्पांनी लावलं होतं, कुदळीने. खाली वायरीची दोन टोकं एकमेकांकडे पाठ करून पडली होती.

अप्पांच्या आणि आमच्या मध्ये एक गडगा होता. तो 26 जुलै 2005च्या पावसात ढासळला आणि तेव्हापासून पडून आहे, कारण बांधायचा कुठे यावर एकमत नाही. माहितीपुस्तिकेप्रमाणे दगडांपासून वायर 35 सेंटिमीटर आत ठेवायची, नाहीतर कासव दगडाला घासतं. पुतण्याने इमानदारीने 35 सेंटिमीटर आत ठेवली. वायर आमची, 35 सेंटिमीटरही आमचे. अळू अप्पांचं.

मी हाक मारली. अप्पा आले, वाकून बघितलं, हळहळले. "अरेरे, तुझी वायर तुटली होय. चुकलंच." मग सरळ उभे राहिले. "पण वायर म्हणजे तुझी हद्द ना? तूच म्हणालास ओटीवर. तुझं कासव वायरच्या बाहेर जात नाही. म्हणजे बाहेरचं आमचं."

"अप्पा, ती दगडापासून 35 सेंटिमीटर..."

"दगड पडलेले आहेत. वायर तू घातलीस, स्वतःच्या हाताने, मी हरकतसुद्धा घेतली नाही." आणि चार मोठी पानं खुडून माझ्या हातात दिली. "वड्या कर म्हणावं."

वड्या उत्तम झाल्या. खाताना मी हिशेब केला. ही कड 40 मीटरची. 40 गुणिले 0.35, झाले 14 चौरस मीटर, म्हणजे दीडशे चौरस फूट. बायको म्हणाली, "मोजणीचा अर्ज करा." मी म्हटलं, करतो, पण आधी आपलं आपण एकदा मापून तर बघू, गाजावाजा न करता.

घड्याळाचा गजर पावणेचारचा लावला. पाऊस थांबला होता. मी सुतळीचा गुंडा घेतला, चपला हातात धरल्या आणि पाखाडी ओलांडून अळवाच्या दिशेने निघालो. तिथे बॅटरीचा उजेड होता. अप्पा उकिडवे बसले होते, बॅटरी काखेत, दोन्ही हातांत टेप.

"मोजणी आहे का?" मी विचारलं.